मलिद्याची पहिली मूठ

ता. पाथर्डी
गुरुवार, १७ जानेवारी १९७४

प्रिय जैतून,

तुझी तिन्ही कार्डं पोचली. पहिलं होळीच्या आसपास, दुसरं पोळ्याला, तिसरं दिवाळी झाल्यावर. तिन्हींत भिवंडीच्या पाण्याचं आणि तुझ्या लेकाच्या, इसाकच्या यंत्रमागांचं रडगाणं निरनिराळं, पण शेवटची ओळ एकच, “बाबा जाताना काही बोलले का? माझं नाव काढलं का?” वर्ष होत आलं, मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल कार्डं पोचली नाहीत, नाहीतर दुष्काळात पुष्पी खपली. पुष्पी जिवंत आहे आणि कार्डं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. आज देणार आहे, पण माझ्या चालीनं देईन. पोराच्या वहीची पानं फाडून बसले आहे. आधी शेवटचं पान वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तेवढी या वेळी आवर.

बातम्या सांगते. यंदा पाऊस बरा झाला, बाजरी घरात आली, आणि रेशनच्या त्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीतून सुटलो. आमचे मालक दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले ते आपल्याच बाजूला, राहुरीकडं. म्हणजे बघ, नवरा माझ्या माहेरच्या शिवारात ऊस तोडतोय आणि मी इथं डोंगराच्या कडेला कुसळं वेचतेय. आमच्या धाकट्याचं, सहादेवचं पत्र आलं आहे. माघ वद्यातल्या पहिल्या गुरुवारी, सात फेब्रुवारीला, माझ्या दादांचा, तू बाबा म्हणायचीस त्यांचा, पहिला उरूस धरला आहे. उरूस म्हणायचं की पुण्यतिथी, यावर लिंबाखाली दोन दिवस भांडण झालं म्हणे. शेवटी पत्रिकेवर दोन्ही छापलं. दुपारी संदलची मिरवणूक, मग भजन, आणि दिवेलागणीला मलिदा. आणि मलिद्याची पहिली मूठ दादांच्या रक्ताच्या लेकीनं द्यावी, असं हिंदू-मुसलमान सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. सहादेवनं मोठ्या कौतुकानं लिहिलंय, “अक्का, आता तुझा मान.” ते वाचलं आणि मी तुझी तिन्ही कार्डं डब्यातून बाहेर काढली.

जैतून, या मुठीनं माझं काय केलं ते तुला कधी कळलं नाही. तुला कळायचं कारणच नव्हतं, तुला ती मिळाली होती.

ती चाल कुठून आली, ते आपण दोघींनी दादांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. तरी आज मला पुन्हा लिहू दे. दादा तेव्हा विशीतले, नुसते सूर्यभान, नांगर धरणारे. गावात भंडारा होता. खांद्यावर फाटकी घोंगडी टाकून एक फकीर आला आणि शेवटच्या पंगतीच्या टोकाला बसला. वाढत वाढत माणसं त्याच्यापर्यंत आली आणि अन्न संपलं. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. दादांनी आपल्या पानातली पोळी गुळात कुस्करली आणि त्याच्या हातावर ठेवली. फकीर हसून म्हणाला, की जो सगळ्यात लांबून आला त्याला सगळ्यात आधी द्यायचं असतं, हे तुमच्या गावात एकट्याला ठाऊक दिसतंय. लोक त्याला कांबळीशा म्हणू लागले. तो आपल्या लिंबाखाली राहिला आणि दादा बारा वर्षं त्याच्या मागं सावलीसारखे. तो गेल्यावर त्याची मजार दादांनीच बांधली, आणि दर गुरुवारी तिथं बसू लागले. आधी एकतारीवर अभंग, मग तुझ्या अब्बांचा, बाबूलालचाचांचा डफ आणि त्यांचे कलाम, आणि सरतेशेवटी मलिदा. पहिली मूठ लांबून आलेल्याला.

माणसं वाढत गेली. कुणी त्यांना बुवा म्हणे, कुणी शाहबाबा. हिंदू आला की दादा म्हणायचे सलाम, आणि मुसलमान आला की रामराम. पाया पडू द्यायचे नाहीत. लिंबावरच्या एकाच काठीला भगवा आणि हिरवा दोन्ही, आणि दोन्हींना ठिगळं माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची. दोन्हीकडची चार-चार माणसं नाकं मुरडायची, पण मलिद्याच्या वेळेला तीसुद्धा हजर. दादा एकेकाला विचारायचे, “कुटून आलात?” कुणी सोनईहून, कुणी श्रीरामपुराहून, अलीकडं तर राहुरीच्या विद्यापीठातले एक मास्तर सायकलवर यायचे. त्या लबाड श्रीमंतची आठवण आहे ना? दोन कोसांवरचा गडी, आणि सांगितलं सोलापूर. सगळे हसले. दादांनी पहिली मूठ त्यालाच दिली आणि म्हणाले, “खोटं बोलून आला म्हंजी भूक लई दिसती. घे बाबा.” श्रीमंतला तो घास गिळता गिळवेना.

आणि मी? मी त्याच घरात जन्मलेली. माझं घर लिंबापासून हाकेच्या अंतरावर. मी कुठून आले असं सांगणार होते, चुलीपासून? वयाची सोळा वर्षं दर गुरुवारी मी शेवटच्या मुठीची धनीण. कधी तीही नसायची, परातीला लागलेलं खरवडून खायचं. आई म्हणायची, घरच्यांनी असंच खायचं असतं. लोक आपल्या बाब्याला आधी घास देतात आणि दुसऱ्याच्या कारट्याला मागं ठेवतात. आमच्या घरात सगळं उलटं. गावोगावच्या माणसांना बाप मिळाला आणि मला तेवढा मिळाला नाही. तूसुद्धा आमच्या ओट्यावरच वाढलीस. माझ्याच पाटीवर दादांनी तुला अक्षरं शिकवली, म्हणून आजही आपल्या दोघींचं अक्षर एका वळणाचं आहे. पण तू समोरच्या गल्लीतली, तुलाही शेवटचीच मूठ, म्हणून तेव्हा माझा तुझ्यावर राग नव्हता. तो पुढं आला.

तुला वाटतं मी नशिबानं इकडं येऊन पडले. नाही गं. शेजारच्या देवळालीचं स्थळ आलं होतं ना, विहिरीवर दोन मोटा चालायच्या ते? घरी सगळ्यांना पसंत होतं. त्याच महिन्यात पाथर्डीकडचं आलं, कोरडवाहू, प्यायचं पाणी अर्ध्या कोसावरून. मी हटून बसले की मला हेच करायचं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं, उसातनं उठून कुसळात जाऊन पडतीस का?” सगळ्यांना वाटलं नवरा डोळ्यात भरला. मी तर त्याला धड पाहिलाही नव्हता. मी मनात हिशेब केला होता, की पाथर्डीच्या पुढून लिंबापर्यंत यायला दीड दिवस लागतो, आणि दीड दिवसाच्या वाटेवरून सहसा कुणी येत नाही. एका घासासाठी मी पंचवीस वर्षं डोक्यावरून पाणी वाहिलं, जैतून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच.

लग्नानंतर पहिल्यांदा गुरुवार साधून आले, तो दिवस तुलाही आठवत असेल. बुधवारी तांबडं फुटायच्या आधी निघाले. काही चालत, काही बैलगाडीत, नगरहून मोटारीत. लिंबाखाली पोचले तेव्हा डफ संपत आला होता. पाय मुद्दाम धुतले नाहीत. धूळ दिसायला हवी होती ना! दादांनी सगळ्यांना विचारलं, कुटून आलात, कुटून आलात. मला विचारलं तेव्हा मी गावाचं नाव असं सांगितलं, की शेवटच्या माणसाला ऐकू जावं. दादा हसले. परातीत हात घातला, मूठ भरली आणि उठून माझ्याकडं आले. मी हात पुढं केला होता. ते माझ्या हातावरून पलीकडं गेले आणि मूठ तुझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “ही लई लांबून आली हाय. हिला आदी.”

तू समोरच्या घरातून आली होतीस. चाळीस पावलं. मी नंतर ती मोजली.

मला माहीत नव्हतं असं नाही. तुझं पहिलं लेकरू गेलं होतं, चार महिने तू अंथरूण सोडलं नव्हतंस, कुणाशी बोलली नव्हतीस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पाय टाकला होतास. मी आल्या आल्या आईनं ते माझ्या कानात सांगितलं होतं. तिथल्या प्रत्येकाला कळलं की दादा काय म्हणाले. बाया डोळे पुसत होत्या. मी एकटी तिथं बसून पावलं मोजत होते. माझा हात तसाच पुढं राहिला होता, तो कुठं ठेवावा कळेना, म्हणून मी पदर सारखा केल्यासारखं केलं. तू घास खाल्लास आणि चार महिन्यांनी मोठ्यानं रडलीस. मला त्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. इतकी मी वाईट.

त्यानंतर तुझं काही म्हणता काही मला सोसलं नाही. मी लांब गेले आणि तू गावातच दिलेली, जवळ राहिलीस. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची वेणीफणी तू केलीस, आणि लोक मला सांगायचे, जैतून आहे म्हणून बरं. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं व्हायचं. आई गेल्यावर गुरुवारचा मलिदा तू करायला लागलीस, माझ्या आईच्या चुलीवर. पोळी भाजल्या भाजल्या गरम कुस्करायची आणि बडीशेप शेवटी हातावर चोळून टाकायची, हे तुला आईनं सांगितलं, मला नाही. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, साऱ्या घराचे ते दादाच. तू एकटी बाबा म्हणायचीस. तू “बाबा” म्हणून हाक मारलीस की ते ज्या तऱ्हेनं मान वळवायचे, तशी “दादा” म्हटल्यावर कधी वळवली नाही. की मलाच तसं वाटायचं? माहेरी आले की मी तुझ्या गळ्यात पडायचे, तुला चोळीचा खण आणायचे, आणि परत जाताना एस.टी.त बसून मनातल्या मनात तुझी उणीदुणी काढायचे. नगर येईपर्यंत पुरायची.

मग दुष्काळ आला. तुझ्या इसाकनं तुला पौषात भिवंडीला नेलं. खरं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, आता लिंबाखाली लांबून येणारी मी आणि जवळचीही मीच. माघात सहादेवचं कार्ड आलं की दादांनी अन्न सोडलंय, निघून ये. मी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मुकादमाला सांगून तशीच निघाले, हाताला घट्टे, डोक्यात धूळ. गुरुवारी दिवेलागणीच्या आत पोचले. लिंबाखाली पंधरा माणसंसुद्धा नव्हती, सगळी कामावर पांगलेली. दादांना बाजेवरच उचलून आणलं होतं. तुझे अब्बा तर कधीच गेले, डफ वाजवायला कुणी नव्हतं. सहादेवनं एकतारी धरली आणि मधेच ठेवून दिली. शेजारच्या रंगुबाईनं रेशनच्या गव्हाचा ओंजळभर मलिदा केला होता. दादांना दिसत नव्हतं. कुटून आलात, हे विचारण्याइतकंही बळ नव्हतं. सहादेवनं त्यांचा हात परातीत घातला, त्यांनी मूठ भरली. माणसं मागं सरली, मी बाजेशी एकटी. सगळ्यांत लांबून आलेली मीच होते, जैतून. या वेळी कुणीही मोजलं असतं तरी मीच. मी हात पुढं केला. आणि ते म्हणाले, “जैतून आली का?”

हे झालं तुझ्या कार्डाचं उत्तर. होय, काढलं तुझं नाव. पहिलं तुझंच काढलं. मला “तू कोण” असंही विचारलं नाही.

आता पुढचं. मी म्हणाले, “व्हय बाबा. आले.”

माझ्या तोंडून “बाबा” कसं निघालं ते मला ठाऊक नाही. आवाज बारीक केला, तुझ्यासारखा. त्यांनी मूठ माझ्या हातात सोडली, दुसरा हात चाचपत माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “लई लांबून आलीस पोरी. खा.” मी खाल्ला. तुझा घास मी खाल्ला, जैतून. चाळीस वर्षांची बाई, खोटं बोलून, मरत्या बापाच्या हातून. गूळ कमी होता आणि तोंडात खडीची माती होती. श्रीमंतला तेव्हा घास का गिळवत नव्हता ते मला त्या दिवशी कळलं. मागच्या माणसांना वाटलं दादा लेकीशी बोलताहेत.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. तू आहेस असं समजून त्यांनी तुझ्याजवळ एक निरोप दिला. तो माझ्यासाठी होता. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, एकही माझा नाही. “पुष्पी येईल. ती आली की तिला सांग, जैतून. घरच्याला आमी शेवटी वाडतो, त्ये त्याची भूक ठाव नसती म्हनून न्हाई. घरचं मानूस पानावरनं उठून जानार न्हाई, ह्या भरवशावर. आन् माजी पोर उठून गेली. तिचा घास माज्याकडं ऱ्हायला, तिला म्हनावं.” मी तिथंच होते, त्यांच्या हाताखाली, आणि मला “दादा, मीच पुष्पी” असं म्हणता येईना. म्हटलं असतं तर खाल्लेला घास चोरीचा ठरला असता. मी तुझ्या आवाजात म्हणाले, “सांगते बाबा.” दिवा लावून होईपर्यंत ते गेले. कांबळीशांच्या शेजारी त्यांना बसवलं, आमच्यांसाठी समाधी झाली, तुमच्यांसाठी मजार. मी रडले तेव्हा लोक म्हणाले, लेकीचं नशीब मोठं, शेवटचा घास तिला मिळाला.

कधी कधी वाटतं, त्यांना कळलं असेल. तुझा हात पिंजाऱ्याच्या लेकीचा, जन्मभर कापसात वावरलेला, आणि माझ्या हाताला हे घट्टे. मूठ सोडताना त्यांची बोटं माझ्या तळव्यावर थोडी थांबली होती. पण हे मी माझ्या सोयीनं म्हणत असेन. अजूनही, हे लिहितानासुद्धा, त्यांनी आधी तुझं नाव घेतलं याची आग आहेच. ती जाईल असं मी तुला खोटं सांगणार नाही, एक खोटं पुरे झालं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. सात तारखेला त्या परातीत हात घालायचा आहे आणि माझा हात उष्टा आहे. तू ये. बुधवारी पहाटे कल्याणहून नगरची एस.टी. धर, नगरला सहादेव उतरवून घेईल. मलिदा तूच कर, आईच्या चुलीवर, बडीशेप हातावर चोळून. कुणी काशीहून आलेला असला तरी मी त्याला विचारणार नाही, पहिली मूठ तुझ्या हातावर ठेवीन आणि ती वर्षभर कुणाकडं अडकली होती ते सगळ्यांसमोर सांगेन. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. पण मग माझंही एक काम कर. दादांनी निरोप तुझ्यापाशी दिला होता, माझ्यापाशी नव्हे, म्हणून मला तो अजून मिळालेला नाही. वर लिहिला आहे तो पाठ कर. घास खाऊन झाला की माझ्याजवळ बस, आणि त्यांनी मला काय सांगायला सांगितलं ते तुझ्या तोंडानं मला सांग. मी पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकेन.

वाट बघणारी, तुझीच,
पुष्पी